बावन्न तासांचा हिशेब

लैंगिक अत्याचाराची फिर्याद करणाऱ्या बाईवर समाज विश्वास ठेवतो की नाही, हे तिच्या बोलण्यावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक ते बोलणे लोकांपुढे कसे मांडले जाते यावर असते. हे मांडण्याचे काम गेली पन्नास वर्षे मुख्यतः वर्तमानपत्रांनी केले आहे. त्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या रीती वापरल्या. काही रीतींनी खळबळ माजली, काहींनी डोळे पाणावले, थोड्याच रीती टिकाऊ ठरल्या. जयपूर जिल्ह्यातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींचे प्रकरण या सगळ्या रीतींची परीक्षा घेणारे आहे. त्या प्रकरणाच्या इतिहासातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. बाईवर विश्वास बसवण्याचा सर्वांत भक्कम मार्ग तिच्या सद्गुणांचे वर्णन करण्याचा नाही. तिची फिर्याद ज्या ज्या टेबलावर पोचली, त्या प्रत्येक टेबलावर काय घडले याचा तास-मिनिटांचा हिशेब मांडणे, हा तो मार्ग आहे.

भंवरीदेवी कुंभार समाजातल्या. राजस्थान सरकारने १९८४ मध्ये महिला विकास कार्यक्रम सुरू केला, त्यात त्या १९८५ पासून ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या. साथिन म्हणजे तुटपुंज्या मानधनावर गावातल्या बायकांपर्यंत सरकारी योजना पोचवणारी, मजुरीचे, रेशनचे, पाण्याचे प्रश्न धसास लावणारी बाई. १९९२ च्या आखा तीजेच्या, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बालविवाह रोखण्याची मोहीम सरकारने हाती घेतली आणि ती तडीस नेण्याची जबाबदारी साथिनींवर आली. भटेरीत गुर्जरांचे प्राबल्य. तिथल्या एका गुर्जर कुटुंबात वर्षाचीही न झालेल्या मुलीचे लग्न ठरले होते. पोलीस आले, त्या दिवशीचे लग्न टळले, पण नंतर ते उरकलेच. गावाचा राग मात्र सरकारवर न निघता साथिनीवर निघाला. भंवरीदेवींच्या कुटुंबाला वाळीत टाकले गेले, त्यांची मडकी कोणी घेईना, त्यांना कोणी दूध देईना. २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी पतीसोबत शेतात काम करत असताना पाच पुरुषांनी पतीला मारहाण केली आणि आपल्यावर बलात्कार केला, अशी त्यांची फिर्याद होती.

त्यानंतरचा काळ मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. बस्सीच्या पोलीस ठाण्यात फिर्याद घेताना संशय आधी आला. बस्सीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्री डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरने तपासणी केली नाही. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयाकडे पाठवताना कागदावर वय तपासण्याचे कारण लिहिले गेले. रुग्णालयाने दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासणी होणार नाही असे सांगितले आणि दंडाधिकाऱ्याची कामाची वेळ संपली होती. तपासणी झाली तेव्हा ५२ तास उलटले होते. परत ठाण्यात आल्यावर पुरावा म्हणून त्यांचा घागरा ठेवून घेण्यात आला. पतीचा साफा अंगाभोवती गुंडाळून मध्यरात्री पायी चालत त्यांनी जवळच्या गावातल्या दुसऱ्या साथिनीचे घर गाठले. ‘राजस्थान पत्रिका’मध्ये आधी एक लहानशी बातमी आली. मग इतर हिंदी दैनिकांनी प्रकरण उचलले, अग्रलेख आले, जयपूरच्या महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. या सगळ्या लिखाणात वाचकाला हलवणारी गोष्ट कोणती, असा प्रश्न केला तर माझे उत्तर ‘ते ५२ तास’ हेच आहे. बलात्काराचे वर्णन वाचून वाचक हळहळतो, पण त्याच वेळी मनात शंकाही घेतो, कारण तिथे तो हजर नव्हता. आरोग्य केंद्रातला नकार, चिठ्ठीवरचे चुकीचे कारण, बंद झालेले कार्यालय या गोष्टींना मात्र कागद आहे, शिक्का आहे, वेळ आहे. त्यांवर शंका घेता येत नाही. आणि त्या मान्य केल्या की पुरावा कमकुवत का राहिला, याचे उत्तर बाईच्या चारित्र्यात शोधायची गरज उरत नाही.

अविश्वासाचीही एक रीत असते. ती अनेकदा पुराव्याआधी ‘असे होऊच शकत नाही’ या गृहीतावर उभी राहते. खटल्यात न्यायाधीश वारंवार बदलत गेले. डिसेंबर १९९३ मध्ये जामीन नाकारताना राजस्थान उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. एम. तिबरेवाल यांनी, बालविवाह रोखण्याच्या प्रयत्नाचा सूड म्हणून भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला याची आपल्याला खात्री पटल्याचे नोंदवले होते. तरीही १५ नोव्हेंबर १९९५ रोजी जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. त्या निकालातली कारणमीमांसा देशभर गाजली. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला विटाळाच्या भीतीने शिवणार नाहीत, काका-पुतण्या मिळून असे कृत्य करणार नाहीत, वयस्क माणसे करणार नाहीत, पती मुकाट पाहत राहणार नाही, अशा धर्तीची ती विधाने होती. यांतले एकही विधान साक्षीपुराव्याने सिद्ध झालेले नव्हते. ते समाजाविषयीचे सामान्य ज्ञान म्हणून गृहीत धरले गेले होते. त्या ज्ञानाचा फोलपणा तर राजस्थानातल्या, आणि महाराष्ट्रातल्याही, कोणत्याही दलित वस्तीतल्या बाईने सांगितला असता. निकालानंतर जयपुरात आरोपींच्या समर्थनार्थ मेळावा भरला आणि तिथे भंवरीदेवींना खोटारडी ठरवण्यात आले.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. २६ मार्च १९७२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या (आताच्या गडचिरोलीतल्या) देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे ते प्रकरण ‘मथुरा प्रकरण’ म्हणून आपण जाणतो. सत्र न्यायालयाने मुलीला खोटारडी म्हटले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये पोलिसांना दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार, असा तो तर्क होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र मन वळवण्याच्या कलेचा एक उत्तम नमुना आहे. त्यात मुलीच्या निरागसतेची भलावण नाही. निकालातलीच तथ्ये घेऊन त्यांनी विचारले, की रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात, नातेवाइकांना बाहेर ठेवलेले असताना, चौदा ते सोळा वर्षांच्या मजूर मुलीने शरण जाणे म्हणजे संमती देणे होते का? या पत्राने वृत्तपत्रांतली चर्चा बदलली, जानेवारी १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा दुरुस्त झाला.

भटेरीच्या काही महिने आधी, त्याच राजस्थानात, अजमेरमध्ये वेगळी रीत वापरली गेली. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलींना फसवून, त्यांची छायाचित्रे काढून त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या टोळीची बातमी ‘दैनिक नवज्योती’चे संतोष गुप्ता यांनी १९९२ मध्ये दिली. केवळ शब्दांनी काही हलेना, म्हणून पुढच्या बातमीत चेहरे धूसर करून छायाचित्रे छापण्यात आली आणि मग शहर पेटले. या निर्णयावर मी सहजासहजी बोट ठेवणार नाही. शासन बधिर असताना बातमीदाराने हाती होता तो पुरावा वापरला. पण त्याची किंमतही नोंदवली पाहिजे. ज्या छायाचित्रांनी मुलींना धाक दाखवला गेला, तीच छायाचित्रे त्यांच्या बाजूचा पुरावा म्हणून शहरभर चर्चिली गेली. नंतरच्या खटल्यात अनेक साक्षीदार फिरल्या किंवा पुढे आल्याच नाहीत. खटल्याचे शेपूट लांबत राहिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी सहा जणांना जन्मठेप झाली. चित्राने लोकांचा तत्काळ विश्वास बसतो, पण तो विश्वास चित्रावर बसतो. चित्र नसलेल्या पुढच्या बाईच्या वाट्याला त्यातले काही येत नाही.

तिसरी रीत सर्वांत सभ्य दिसते आणि मला ती सर्वांत घातक वाटते. भारतीय स्त्री अब्रूला जपते, ती उगाच असे बोलणार नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवा, असे ही रीत सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही १९८३ च्या भरवाडा भोगिनभाई निकालात याच युक्तिवादाचा आधार घेतला. त्या निकालाने दुजोऱ्याची सक्ती दूर केली, हे त्याचे मोठे काम. पण त्याच तर्काची दुसरी बाजू अशी, की लाजेची ठरावीक चौकट जी पाळत नाही तिच्यावर अविश्वास ठेवायलाही तो मोकळीक देतो. भंवरीदेवी चेहरा झाकत नव्हत्या. स्वतःचे नाव घेऊन सभांत बोलत होत्या, जयपुरात आणि जयपूरबाहेरही. ‘अब्रू’चा युक्तिवाद त्यांच्या उपयोगाचा नव्हता. २०२१ मध्ये म्हापशाच्या सत्र न्यायालयाने एका संपादकाला निर्दोष सोडताना तक्रारदार तरुणीचे घटनेनंतरचे वागणे पीडितेला साजेसे नव्हते, असा मुद्दा शेकडो पानांच्या निकालात मांडला. भटेरीची खेडूत बाई आणि गोव्याच्या पंचतारांकित हॉटेलातली पत्रकार यांत काहीच साम्य नाही. दोघींची परीक्षा मात्र एकाच कसोटीवर झाली. वृत्तपत्र जेव्हा ‘बिचारी’, ‘भोळी’, ‘शालीन’ असे शब्द पेरते, तेव्हा ते हीच कसोटी अधिक पक्की करते.

यावर पहिला आक्षेप न्यायतत्त्वाचा येतो. आरोपी दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष असतो, मग पत्रकाराने आधीच बाईवर विश्वास कसा ठेवावा? हा आक्षेप वजनदार आहे आणि भंवरीदेवींच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी तो झटकून टाकू नये. पण निर्दोषत्वाचे गृहीतक न्यायालयाला शिक्षेच्या संदर्भात बांधते. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला तपासणी नाकारण्याची मुभा ते देत नाही. फिर्याद खरी मानून तपास सुरू करणे आणि फिर्याद खरी मानून माणसाला तुरुंगात टाकणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. भटेरीत पहिली पायरीच चुकवली गेली, आणि दुसरीवर आरोपींना संशयाचा फायदा मिळाला तो अंशतः त्या चुकीमुळे.

दुसरा आक्षेप खोट्या फिर्यादींचा. राजस्थान पोलिसांच्या नोंदींत बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी मोठा हिस्सा तपासाअंती ‘खोटा’ म्हणून बंद होतो आणि हा आकडा दर वर्षी मथळ्यात येतो. खोट्या फिर्यादी अजिबात होत नाहीत, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण बंद झालेली प्रत्येक फिर्याद खोटी असते असे मानणेही तितकेच अप्रामाणिक आहे, कारण फिर्याद बंद होण्यामागे गावाचा दबाव, तडजोड, जबाब बदलणे आणि उशिरा झालेली तपासणी हेही असू शकते. अमेरिकेतली दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतात. ‘रोलिंग स्टोन’ने २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कथित सामूहिक बलात्काराची एक थरारक कहाणी छापली. आरोपींशी किंवा इतर साक्षीदारांशी बातमीदाराने नीट संपर्कच साधला नव्हता. एप्रिल २०१५ मध्ये ती मागे घ्यावी लागली आणि पुढची कित्येक वर्षे खऱ्या पीडितांना तिचे ओझे वाहावे लागले. त्याच वर्षी ‘प्रोपब्लिका’ आणि ‘मार्शल प्रोजेक्ट’ यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या एका मुलीची हकीकत छापली. पोलिसांनी तिच्यावरच खोट्या फिर्यादीचा गुन्हा दाखल केला होता आणि पुढे दुसऱ्या राज्यात पकडलेल्या गुन्हेगाराकडे तिची छायाचित्रे सापडली. त्या लेखाला पुलित्झर मिळाले. दोन्ही लेख बाईच्या बाजूचे होते. पहिल्याने भावनेवर भिस्त ठेवली, दुसऱ्या लेखाने एका पोलीस ठाण्याने काय केले नाही आणि दुसऱ्या ठाण्याने काय केले हे कागदोपत्री शेजारी शेजारी ठेवले. बाईवर विश्वास ठेवणे आणि पडताळणी करणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

भंवरीदेवींच्या प्रकरणातून जयपूरच्या ‘विशाखा’ आणि इतर संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या पीठाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१३ मध्ये त्यांचा कायदा झाला. भारतात दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात आज तक्रार समिती असणे बंधनकारक आहे ते या साथिनीमुळे. वृत्तपत्रे हे आवर्जून सांगतात आणि सांगावेच. २००० मध्ये ‘बवंडर’ नावाचा चित्रपटही निघाला. पण प्रतीक झालेल्या बाईचा खटला वाचकाच्या नजरेतून निसटतो. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्धच्या अपिलाची राजस्थान उच्च न्यायालयात २००७ पर्यंत एकच सुनावणी झाली होती, आणि तोवर दोन आरोपी मरण पावले होते. भंवरीदेवींच्या प्रकरणातून आलेल्या कायद्याचा गौरव करणारा लेख छापताना त्या अपिलाच्या तारखाही त्याच पानावर छापल्या पाहिजेत. ५२ तासांचा हिशेब मांडणाऱ्या वृत्तपत्रांना हा दुसरा, वर्षांत मोजावा लागणारा हिशेबही मांडता येतो.