नेमोचे पुनर्वाचन : कुमारवयातील एका संहितेचा इतिहास

कुमारवयात आवडलेल्या कादंबरीकडे प्रौढ वाचक परत वळतो, तेव्हा आपण तेच पुस्तक पुन्हा वाचत आहोत असे तो गृहीत धरतो. बदल झाला असेल तर तो वाचकात; संहिता मात्र जागच्या जागी आहे, अशी ही समजूत असते. पुनर्वाचनाविषयीचे बरेचसे लेखन त्यामुळेच स्मरणरंजनाच्या किंवा भ्रमनिरासाच्या अंगाने जाते. ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) याच्या विज्ञानसाहसकथांच्या बाबतीत मात्र ही समजूतच तपासून घ्यावी लागते. अनेक पिढ्यांनी मुलांचे पुस्तक म्हणून जे वाचले, ते घडविण्यात संपादक आणि अनुवादक यांच्या कात्रीचा वाटा मोठा होता. कॅप्टन नेमो हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

‘समुद्राखालून वीस हजार लीग’ ही कादंबरी मार्च १८६९ ते जून १८७० या काळात पिएर-ज्यूल एत्झेल या प्रकाशकाच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ‘शिक्षण’ आणि ‘मनोरंजन’ हे दोन्ही शब्द त्या नियतकालिकाच्या नावातच होते, आणि कुटुंबात निःशंकपणे वाचता येईल असे साहित्य देणे हे त्याचे धोरण होते. व्हर्नच्या मूळ कल्पनेतील नेमो हा पोलिश सरदार होता. १८६३ मध्ये सुरू झालेला पोलंडचा उठाव रशियाने चिरडला, त्यात त्याच्या कुटुंबाचा नाश झाला, आणि म्हणून त्याच्या सूडाचे लक्ष्य रशियन जहाजे होती. एत्झेलला हे मानवले नाही. रशियातील विक्री आणि फ्रान्सचे रशियाशी असलेले संबंध यांचा विचार त्यामागे होता. त्याऐवजी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा नेमो त्याने सुचविला. तो व्हर्नने नाकारला. अखेरीस नायकाचे राष्ट्रीयत्व कोरेच ठेवण्यात आले, आणि ‘कोणीही नव्हे’ या अर्थाचे त्याचे लॅटिन नाव अक्षरशः खरे ठरले. कुमार वाचकाला ज्या गूढतेने भारून टाकले, ती गूढता अशी एका तडजोडीतून जन्मास आली.

या तडजोडीने कादंबरीचे केवळ नुकसानच झाले असे म्हणता येत नाही. नेमोच्या खोलीतील भिंतीवर कोशियुश्को, ओकॉनेल, वॉशिंग्टन, लिंकन, जॉन ब्राउन यांची चित्रे आहेत. श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्या एका गरीब हिंदी माणसाला तो शार्कच्या तावडीतून सोडवितो आणि हा माणूस पीडितांच्या देशाचा रहिवासी असून आपणही अखेरच्या श्वासापर्यंत त्याच देशाचे आहोत, अशा आशयाचे उत्तर देतो. नकाशावरील एखाद्या देशापेक्षा जगभरच्या पीडितांचे मिळून होणारे राष्ट्र येथे अभिप्रेत आहे. एका उठावाची कथा सर्वच उठावांची कथा होऊ शकली, ती नेमोचे राष्ट्रीयत्व पुसले गेल्यामुळे.

‘गूढ बेट’ (१८७४–७५) या कादंबरीत व्हर्नने ही रिकामी जागा भरली. येथे मरणासन्न नेमो प्रिन्स डक्कर म्हणून प्रकट होतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र, टिपू सुलतानाचा आप्त आणि १८५७ च्या उठावातील सेनानी आहे. दोन कादंबऱ्यांतील कालगणना यामुळे इतकी विसंगत झाली की तिची कबुली तळटीपेत द्यावी लागली. येथेही संपादकाचा हात फिरलाच. हस्तलिखितात नेमोचा अखेरचा उद्गार ‘स्वातंत्र्य’ हा होता. छापील संहितेत त्याच्या जागी देव आणि मायभूमी यांचे स्मरण आले. बंडखोराचा मृत्यू अशा रीतीने श्रद्धावंताचा मृत्यू झाला.

इंग्रजीत येताना या संहितेवर दुसरा संस्कार झाला. लुई मर्सियर याने १८७२ च्या सुमारास केलेल्या पहिल्या कादंबरीच्या अनुवादात सुमारे पाचवा हिस्सा मजकूर गळाला. जे राहिले त्यातही पाणबुड्याच्या पोशाखाचे बुचाचे जाकीट झाले. अशा चुकांची अपकीर्ती व्हर्नच्या वाट्याला आली आणि विज्ञानात कच्चा, मुलांसाठी लिहिणारा लेखक अशी त्याची प्रतिमा इंग्रजी जगात रूढ झाली. वॉल्टर जेम्स मिलर याने १९६५ मध्ये गाळलेला मजकूर परत आणून हा प्रमाद उघडकीस आणला. ‘गूढ बेटा’ची कथा याहून गंभीर आहे. डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन याच्या नावावर १८७५ मध्ये निघालेला आणि आता त्याची पत्नी अ‍ॅग्नेस हिचा मानला जाणारा अनुवाद १८५७ च्या प्रसंगी मूळ लेखकाच्या भूमिकेची उलटापालट करतो. व्हर्नने इंग्रजांच्या जुलमाविरुद्धचा म्हणून रंगविलेला उठाव येथे स्वार्थी राजांनी अज्ञ प्रजेला दिलेली चिथावणी ठरतो, आणि इंग्रजी राज्य शांततेचे व समृद्धीचे दाते होते. मूळ शब्दांशी प्रामाणिक असे जॉर्डन स्टम्प आणि सिडनी क्रॅव्हिट्झ यांचे अनुवाद २००१ मध्ये आले. तोपर्यंत सव्वाशे वर्षे उलटून गेली होती.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा इतिहास दूरचा नाही. व्हर्न मराठीत आला तो प्रामुख्याने इंग्रजीच्या वाटेने. १९०० मध्ये ‘केरळ कोकिळ’ मासिकात त्याची चंद्रप्रवासाची कथा अवतरली, पुढे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या ‘समुद्रसैतान’सारख्या रसाळ रूपांतरांनी त्याला मराठी घरात स्थान मिळवून दिले. या रूपांतरांनी मुलांना दिलेला आनंद अस्सल होता, याविषयी वाद असू नये. तथापि त्याच काळात जो मराठी विद्यार्थी वाचनालयातून किंग्स्टनची प्रत घेऊन वाचत होता, त्याच्या हाती सत्तावनच्या वीराची कथा सत्तावनच्या निंदेसह पडत होती. आपल्याच इतिहासाची ही विटंबना साहसाच्या ओघात त्याच्या लक्षातही येत नव्हती.

मग मूळ संहिता हाती आली की प्रश्न सुटतो काय? तसे घडत नाही. बुंदेलखंडचा राजपुत्र आणि म्हैसूरच्या सुलतानाचा आप्त ही सांगड हिंदुस्थानच्या इतिहासापेक्षा युरोपीय कल्पनेतील हिंदुस्थानाशी अधिक जवळची आहे. डक्कर वाढतो युरोपीय शिक्षणावर; त्याचे मोठेपण वाचकाला पटते तेही त्या विद्येच्या बळावर. ‘वाफेचे घर’ (१८८०) या कादंबरीत तर व्हर्नने नानासाहेब पेशव्यांनाच सूडाने पेटलेला खलपुरुष केले. कल्पित बंडखोराला उदात्तता आणि खऱ्या बंडखोराला खलत्व, अशी ही वाटणी आहे. ‘गूढ बेटा’तील नेब हा मुक्त झालेला कृष्णवर्णीय सेवक आणि माणसाळविलेला वानर यांना ज्या सहजतेने शेजारी बसविले आहे, त्याकडेही आज डोळेझाक करता येत नाही. अनुवादकाने केलेला अन्याय दूर झाला की लेखकाच्या स्वतःच्या मर्यादा अधिक स्पष्ट दिसू लागतात.

असे असूनही पुनर्वाचनाचे फलित भ्रमनिरास हे नव्हे. पाण्याखालच्या त्या ग्रंथालयाने आणि वाद्याने कुमारवयात जो विस्मय दिला, तो खोटा नव्हता. तो अपुऱ्या संहितेतूनही पोचला, यातच त्याचे सामर्थ्य दिसते. परंतु आवडते पुस्तक ‘निरागस’ होते ही आठवण मात्र सोडून द्यावी लागते. त्याची निरागसता तयार केलेली होती. पोलंड, हिंदुस्थान आणि स्वातंत्र्य हा शब्द तिच्यासाठी क्रमाक्रमाने वगळले गेले. नेमोच्या अंताशी प्रौढ वाचक परत येतो, तेव्हा त्याला वगळलेला तो एक शब्द तेथे ठेवून पुन्हा वाचावे लागते.