सूचीबाहेरचे गाव : संशोधनसाधनांचा एक प्रादेशिक इतिहास

१

मराठी साहित्याच्या संशोधनपद्धतीविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात ग्रंथालय, सूची, कोश, हस्तलिखितांच्या याद्या यांचा विचार बहुधा ‘साधने’ या शीर्षकाखाली उरकला जातो. साधन म्हणजे वापरून बाजूला ठेवण्याची वस्तू, असा समज त्यामागे असतो. परंतु संशोधक कोणता प्रश्न विचारतो हे त्याला कोणती नोंद सापडते यावर बऱ्याच अंशी ठरत असेल, तर साधनांचा इतिहास हा वाङ्मयेतिहासाचाच एक भाग मानावा लागेल. प्रस्तुत लेखात हा मुद्दा जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याच्या संदर्भात तपासून पाहावयाचा आहे. ही निवड सहेतुक आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे याच तालुक्यात येते. १६०८ मध्ये जेथे मराठीतील एक मोठा ग्रंथकार जन्मला, तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्याच ग्रंथकाराच्या अभ्यासासाठी कोठे जावे लागते, आणि का, हा येथला प्रश्न आहे.

२

रामदासी वाङ्मयाच्या आधुनिक संशोधनाचे केंद्र मराठवाड्यात नव्हे, तर खानदेशात, धुळ्यास उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये तेथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, मठामठांतून फिरून बाडे जमविली आणि डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीच्या आधारे दासबोध प्रसिद्ध केला. समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखितांचा संग्रह हे त्याच खटाटोपाचे फळ होय. वि. का. राजवाडे यांनी बीडजवळच्या पाटांगणास मिळालेल्या प्रतीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली. पुढच्याच वर्षी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. डोमगाव आणि पाटांगण ही दोन्ही स्थळे तेव्हा निजामाच्या राज्यात होती. म्हणजे संहिता मराठवाड्यातील, तर तिचे संपादन, मुद्रण आणि चिकित्सा ब्रिटिश मुलखातील, अशी विभागणी येथे स्पष्ट दिसते.

या विभागणीचे कारण गुणवत्तेत नव्हे, तर संस्थात्मक परिस्थितीत शोधावे लागते. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, पण त्याचे माध्यम उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. त्यानंतरही मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळावयास २३ ऑगस्ट १९५८ हा दिवस उजाडावा लागला. देवांनी बाडे जमविली तेव्हा त्यांना घरच्या मुलखात ठेवून त्यांची याद करील, त्यांवर अध्यापन करील अशी संस्थाच येथे नव्हती. म्हणून देव-राजवाड्यांनी मराठवाड्याचे धन नेले, अशी तक्रार करणे अनैतिहासिक ठरेल. त्यांनी ते वाचविले. मात्र वाचविण्याचीही एक किंमत असते. मठातून संग्रहालयात आलेले बाड क्रमांक मिळविते आणि शेजार गमावते. ते कोणत्या पोथ्यांसमवेत एका बासनात बांधले होते, कोणत्या उत्सवात वाचले जात होते, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, ही माहिती यादीच्या रकान्यांत सहसा मावत नाही. ग्रहणाच्या इतिहासाला नेमकी तीच हवी असते.

३

यादीतील स्थलनामांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या ग्रंथांत आणि याद्यांत जांब येते ते औरंगाबाद जिल्ह्यातील गाव म्हणून. आज त्या जिल्ह्याचेही नाव छत्रपती संभाजीनगर असे झाले आहे. विद्यार्थ्याने ‘घनसावंगी’ किंवा ‘जालना जिल्हा’ या नावाखाली जुनी सूची धुंडाळली, तर त्याचे स्वतःचे गाव त्याला सापडणार नाही. प्रशासनाच्या नकाशाप्रमाणे नावे बदलतात, छापील नोंदी मात्र आपल्या काळात थबकून राहतात.

वर्गीकरणाचेही तसेच. ड्युईच्या दशांश पद्धतीत हिंदू धर्म २९४.५ या क्रमांकाखाली, तर मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकाखाली येते. दासबोध कोणत्या फळीवर ठेवायचा? ग्रंथपालाला एक निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो घेताक्षणी संतवाङ्मय धर्म की साहित्य हा समीक्षेतला जुना वाद फळ्यांच्या रचनेत मुकाट्याने निकालात निघालेला असतो. एकाच फळीशी थांबणारा विद्यार्थी तो निकाल नकळत स्वीकारतो.

शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा उपकार मराठीचा प्रत्येक अभ्यासक मानील. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९५० पर्यंतच्या मुद्रित ग्रंथांच्या नोंदी आहेत. पण ती मुद्रितांची सूची आहे, हे विसरून चालत नाही. ज्या प्रदेशात मराठी विद्येला संस्थांचा आधार उशिरा लाभला, त्या प्रदेशाचे वाङ्मयीन जीवन केवळ मुद्रितांवरून मापणे म्हणजे हस्तलिखित आणि मौखिक परंपरेला अनुपस्थित ठरविणे होय.

४

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती ‘शोधगंगा’वर ठेवल्या जाऊ लागल्या. घनसावंगीत बसून दूरच्या विद्यापीठातील प्रबंध वाचता येणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि अनेक मराठी प्रबंध तेथे केवळ पानांची छायाचित्रे म्हणून आहेत. काही युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेले आहेत. अशा मजकुरात देवनागरी शब्द टाकून शोध घेता येत नाही. शीर्षक रोमन लिपीत नोंदलेले असेल, तर एकाच नावाची तीन-चार वर्णलेखने संभवतात. शोधाची चौकट रिकामी परत येते आणि पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात एक वाक्य जाऊन बसते : या विषयावर यापूर्वी काम झालेले नाही. पदव्युत्तर वर्गाला शिकविताना हे वाक्य प्रस्तुत लेखकाने इतक्या वेळा वाचले आहे की, आता त्याचा अर्थ ‘मी शोधले, त्या नावाने मला सापडले नाही’ असाच घ्यावा लागतो. या दोन विधानांतील अंतर हा विद्वत्तेच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

म्हणून प्रबंधात निष्कर्षांइतकाच शोधाचाही वृत्तांत यावयास हवा : कोणती सूची, कोणत्या नावाने, कोणत्या फळीवर, कोणत्या लिपीत पाहिली. आणि घनसावंगीच्या विद्यार्थ्याकडून आणखी एक काम अपेक्षित आहे, जे धुळ्याच्या वा पुण्याच्या अभ्यासकाला तितक्या सहजपणे जमणारे नाही. गावोगावच्या घरांत, मंदिरांत अजूनही ज्या पोथ्या असतील, त्या न हलविता, त्यांच्या शेजारासह, वाचकांच्या नावांसह आणि गावाच्या जुन्या-नव्या पत्त्यांसह त्याने नोंदवाव्यात. शतकापूर्वी संहिता वाचविण्यासाठी तिला गावाबाहेर न्यावे लागले. आज नोंद गावात होऊ शकते. ती झाली तर जांब हे केवळ जन्मस्थळ म्हणून उल्लेखिले जाणार नाही. अभ्यासाचे स्थळ म्हणूनही त्याची नोंद घ्यावी लागेल.