सायलेन्सर आणि रायफलीचा नेम

सायलेन्सर चढवला की रायफलीचा नेम बिघडतो, ही तक्रार सायलेन्सरइतकीच जुनी आहे. हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकी अभियंत्याला त्याच्या सायलेन्सरचे पेटंट ३० मार्च १९०९ रोजी मिळाले. मॅक्झिम मशिनगन घडवणारे हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे त्याचे वडील. कानठळ्या बसवणारे हत्यार बापाचे आणि त्यावरचा उतारा मुलाचा, असा हा घराण्याचा योग.

गोळीमागून प्रचंड दाबाने उसळणारा वायू नळीबाहेर पडताच बार होतो. मॅक्झिमच्या नळकांड्यात एकामागे एक चकत्या होत्या. त्यांच्यामधल्या पोकळ्यांत वायू अडून फिरत राही आणि दाब उतरल्यावर बाहेर पडे. गोळी मात्र चकत्यांच्या भोकांतून कुठेही न शिवता सरळ निघून जायला हवी होती. नेमाचे सारे गणित या न शिवण्यावर उभे होते. शिवाय सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने जाणारी स्प्रिंगफील्ड रायफलीची गोळी ध्वनीला मागे टाकत असल्यामुळे वाटेत तडाखा उठतच असे. तो कोणत्याही सायलेन्सरला थांबवता येत नाही.

मॅक्झिमच्या १९१०च्या नमुन्यात भोक मधोमध नव्हते, वरच्या कडेजवळ होते. नळकांडे खाली राहिल्याने नळीवरची माशी झाकली जात नसे. नेम धरण्याची सोय झाली, पण भार नळीच्या एकाच अंगाला लोंबू लागला. बार उडताना नळी कंप पावते. टोकाला वजन आले की त्या कंपाची लय बदलते आणि गोळी नेहमीच्या जागेऐवजी थोडी खाली किंवा बाजूला लागते. अनेक नेमबाज हाच सायलेन्सरचा दोष मानत. खरे तर गोळ्या सरकलेल्या जागी, पण एकमेकींजवळ पडत असतील तर रायफल निर्दोष असते. नेमाची पट्टी नव्याने जुळवली की काम भागते. गोळ्या विखुरल्या तरच दुखणे शोधावे लागते.

ते दुखणे बहुधा जोडात सापडे. नळीच्या टोकाला आटे पाडायचे काम कुशल कारागिराचे. आट्यांचा अक्ष नळीच्या अक्षाशी किंचितही तिरपा गेला, तर शेवटच्या चकतीपर्यंत दोन्ही अक्षांमधले अंतर वाढत जाते आणि गोळी कडेला घासते. घासलेली गोळी कोलांट्या खात लक्ष्यावर आडवी लागते व गोल छिद्राऐवजी लांबट छिद्र पाडते. असे छिद्र दिसताच गोळीबार थांबवणे हाच शहाणपणा. जोड नीट असला तरी धक्क्यांनी आणि उष्णतेने तो सैल होतो, म्हणून काही फैरींनंतर तो तपासावाच लागतो. दुखणे कधी गोळीतही असते. १९०९ सालीच फ्रँकलिन मॅन या अमेरिकी डॉक्टरने वर्षानुवर्षांच्या प्रयोगांचा ग्रंथ छापला. गोळीच्या टोकापेक्षा तिच्या बुडाचा दोष तिला अधिक भरकटवतो, हे त्याने दाखवले. दोष हत्यारात की गोळीत, हा प्रश्न सायलेन्सर काढून आणि चढवून तीच गोळी झाडल्याशिवाय सुटत नाही.

१९३४च्या अमेरिकी कायद्याने प्रत्येक सायलेन्सरवर २०० डॉलर कर बसवला. त्या काळी ती रक्कम सायलेन्सरच्या किमतीहून कितीतरी मोठी होती. हौशी नेमबाजांमधले प्रयोग त्यामुळे आटले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या डी लाइल कार्बाइनने वेगळी वाट धरली. ली-एनफील्ड रायफलीच्या सांगाड्यावर पिस्तुलाची .४५ गोळी चालवणारी नळी बसवून सायलेन्सर तिच्याभोवती कायमचाच रचला होता. जोड सैल होण्याचा प्रश्न मिटला, आणि गोळी ध्वनीहून मंद असल्याने तडाखाही नव्हता. किंमत मोजावी लागली ती घसरणीत. सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाची गोळी २०० मीटरवर पोचेपर्यंत तीन मीटरांहून जास्त खाली येते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम वाया जातो.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याने एम-१४वर आधारित एक्सएम-२१ या स्नायपर रायफलीला सायोनिक्स कंपनीचे सायलेन्सर लावले. गोळीचा तडाखा ऐकू येई, पण तो कुठून आला हे शत्रूला उमगत नसे. अशा स्वयंचलित भरणाच्या रायफलीत अडलेला वायू उलटा यंत्रणेत शिरतो आणि काजळी लवकर साचते. सलग फैरी झाडल्या की तापलेल्या नळकांड्यावरची हवा दुर्बिणीसमोर थरथरते व लक्ष्य जागचे हलल्यासारखे भासते. इथे नळीचा काहीच गुन्हा नसतो. नळकांड्यावर कापडी आवरण घातले की थरथर कमी होते.

२०२२ मध्ये अमेरिकी सैन्याने निवडलेली ६.८ मिलिमीटरची नवी रायफल सायलेन्सरसहच सैनिकाच्या हाती देण्याचे ठरले. नेम सायलेन्सर चढवूनच जुळवायचा आणि तो तसाच चढवलेला ठेवायचा, एवढ्या साध्या शिस्तीने मॅक्झिमच्या गिऱ्हाइकांची सर्वांत जुनी तक्रार उरत नाही.