कँडीसाहेबांचा अबोल धर्म

पुण्याच्या बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. तेथून जवळच्याच विश्रामबागवाड्यांत १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं सरकारतर्फे शालजोडी देऊन जोतीरावांचा गौरव झाला, हेंही पुष्कळांनीं वाचलें असेल. परंतु ती शालजोडी ज्यांच्या हस्तें दिली गेली त्या मेजर थॉमस कँडी यांचें स्मरण आपल्याकडे क्वचितच होतें. परमुलखांत चाकरी करणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यानें आपला धर्म कोणत्या रीतीनें आचरावा, या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस त्यांचें चरित्र फार उद्बोधक वाटतें.

थॉमस व जॉर्ज हे जुळे भाऊ १८०४ सालीं इंग्लंडांत जन्मले आणि तरुणपणींच कंपनीच्या लष्करांत शिरून मुंबई इलाख्यांत आले. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं छापून निघाला, त्यांत आपल्या शास्त्रीमंडळींच्या बरोबरीनें या दोघां बंधूंचेही श्रम आहेत. पुढें मात्र त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. जॉर्ज यांनीं तरवार खालीं ठेवून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली व मुंबईंत तें कार्य केलें. थॉमस सरकारी सेवेंतच राहिले, आणि १८३७ सालीं पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे मुख्य अधिकारी झाले.

ही जागा किती नाजूक होती, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पेशवाईंतील दक्षिणेच्या पैशांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत ही पाठशाळा स्थापन झाली होती. तेथें शिकविणारे शास्त्री व शिकणारे विद्यार्थी ब्राह्मण. राज्य मात्र नुकतेंच परक्यांचें झालेलें. लोकांच्या धर्मांत हात घालावयाचा नाहीं, असें सरकारचें धोरण होतें. तिकडे मुंबईंत १८३९ सालीं पारशी मुलांच्या धर्मांतराचें प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें, आणि १८४३ सालीं श्रीपत शेषाद्रि या मुलाच्या प्रकरणानें हिंदुसमाज ढवळून निघाला. अशा काळीं पाठशाळेच्या मुख्यानें उपदेशाचा एक शब्द काढला असता, तरी शास्त्र्यांचा विश्वास उडण्यास तेवढें पुरे झालें असतें.

मग अशा मनुष्याचा धर्म शोधावा तरी कोठें? आमच्या मतें तो त्याच्या कामांत शोधावा. मोल्सवर्थ साहेब प्रकृति बिघडल्यामुळें स्वदेशीं परतले, तेव्हां अपुरा राहिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडींनीं पुरा करून १८४७ सालीं प्रसिद्ध केला. दुसऱ्यानें आरंभिलेलें काम तडीस नेणें, तेंही कोशासारखें नीरस काम, याला साध्या हौसेहून अधिक कांहीं लागतें. पुढच्याच वर्षीं त्यांची 'नीतिज्ञानाची परिभाषा' निघाली. १८५० सालच्या 'विरामचिन्हांची परिभाषा' या पुस्तकानें तर स्वल्पविराम, पूर्णविराम इत्यादि चिन्हें आपल्या लिखाणांत रुजविलीं. आज जो कोणी मराठींत पत्र लिहितो, तो नकळत या परक्या गृहस्थाचा ऋणी असतो.

तथापि एक गोष्ट मोकळेपणीं सांगितली पाहिजे. धर्माविषयीं मौन पाळणें निराळें आणि सत्तेचा उपयोग न करणें निराळें. सरकारी शाळांचीं मराठी पुस्तकें कँडींच्या लेखणीखालून जात, आणि कोणती मराठी शुद्ध हें ठरविण्याचा अधिकार इंग्रजाच्या हातीं गेला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं सुरू केलेल्या निबंधमालेंत मराठीस लागलेल्या इंग्रजी वळणावर जी कडक टीका केली, ती अकारण नव्हती. ज्याला आपल्या धर्माबद्दल गप्प राहतां आलें, त्याला आपल्या भाषेच्या वळणाबद्दल गप्प राहतां आलें नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

दोष मान्य करूनही आम्ही कँडींकडे आदरानेंच पाहतों. मौन दोन प्रकारचें असतें. नोकरी जाईल या भयानें धरलेलें मौन मनुष्यास हळूहळू पोकळ करितें. समोरच्या माणसाच्या श्रद्धेचा मान राखण्यासाठीं धरलेलें मौन मात्र कामांत उतरतें. अर्धशतकाच्या सेवेनंतर १८७७ सालीं महाबळेश्वरीं कँडी निवर्तले, तोंपर्यंत त्यांचे हात मराठीच्या कामांतून सुटले नव्हते. त्यांचें मौन कोणत्या प्रकारचें होतें, याची साक्ष त्यांतच आहे.

आज आपल्या घरोघरींचीं मुलें परदेशीं चाकरी करितात आणि आपापले देव्हारे बरोबर नेतात. परक्या समाजांत आपला धर्म बोलून दाखवावा कीं वागून, हा प्रश्न आतां त्यांच्यापुढें आहे. भिडेवाड्याची आठवण काढतांना त्यांनीं शेजारच्या विश्रामबागवाड्याचीही काढावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.