रब्बी ज्वारी, कडबा आणि भाकरी : सोलापूर-मराठवाड्यातील सेंद्रिय शेतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना :
महाराष्ट्रात सेंद्रिय शेतीचा विचार बहुधा प्रमाणपत्र, बाजारपेठ व निर्यात या अंगांनी केला जातो. २००१ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने सुरू केलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा भरही निर्यातक्षम मालावरच होता. मात्र सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यातील कोरडवाहू शेतकरी ज्या पद्धतीने रब्बी ज्वारी पिकवीत आला, ती कोणत्याही प्रमाणपत्राविना बऱ्याच अंशी सेंद्रियच होती. ही पद्धत कशावर उभी होती आणि ती कोठे खिळखिळी झाली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

धान्य आणि कडबा :
भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यातील ओल साठून राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली शाळू ज्वारी याच ओलीवर वाढते व फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. पाऊस ओसरल्यावर वाढणाऱ्या या पिकास वरखताचा फारसा उपयोग नसतो, कारण कोरड्या मातीत ते पिकास लागूच होत नाही. जमिनीचा कस राखण्याचे काम शेणखत आणि मेंढ्यांची लेंडी यांनी केले. धनगरांचे कळप रानात बसवावयाचे व मोबदल्यात त्यांना धान्य द्यावयाचे, हा व्यवहार दख्खनमध्ये दीर्घकाळ चालत आला.

या व्यवस्थेचा कणा धान्याइतकाच कडबा हा होता. उंच ताटाचा कडबा बैल खात, बैलांचे शेण उकिरड्यात जाई आणि उकिरडा पुन्हा शेतात येई. दुष्काळात कडब्याचे मोल धान्याच्या बरोबरीने वाढे, कारण जनावरे गेली की पुढील वर्षाची नांगरटही जात असे. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनने याचा कटू अनुभव घेतला. त्याच सुमारास, १८७८ च्या वन कायद्यामुळे, चराऊ रानांवरील निर्बंध वाढले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्यावर केलेली टीका या संदर्भात वाचली पाहिजे. गायराने गेली, म्हणजे खताचा एक स्रोत गेला, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

पुढे १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूर संस्थानात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. त्यावरील १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड होते. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाड यांचे क्वचितच.

वाण आणि चव :
मोहोळ येथील संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून ‘एम ३५-१’ हे वाण १९३० च्या दशकात निवडण्यात आले. पांढरे टपोरे दाणे, चवदार भाकरी आणि उत्तम कडबा या तिन्ही कसोट्यांना ते उतरले. हुरड्यासाठी गूळभेंडी, लाह्यांसाठी वेगळी ज्वारी, असा भेद घरोघरी पाळला जाई. वाणाची विविधता टिकली ती स्वयंपाकघराने ती मागितली म्हणून, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. मार्गशीर्ष अमावास्येस लातूर-धाराशिव भागात साजरी होणारी वेळ अमावास्या, अर्थात ‘येळवस’, हे त्याचे ठळक उदाहरण होय. उभ्या पिकात कडब्याची कोप करून पूजा होते. भज्जी, उंडे आणि ताकातील आंबील असा बेत असतो. पाहुण्यांना शेतावर नेऊन जेवू घालतात. आहार, पीक आणि नाती एकाच दिवशी एकाच बांधावर भेटतात.

१९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे पहिले संकरित वाण आले. त्याने खरिपाच्या ज्वारीचे उत्पादन वाढविले, यात शंका नाही. टंचाईच्या त्या काळात त्याचे महत्त्व नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु ताट बुटके होते, कडबा कमी मिळे आणि परतीच्या पावसात दाणा काळा पडे. कडबा घटल्याचा परिणाम गोठ्यावर व पर्यायाने उकिरड्यावर झाला. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला तांबडा ‘मिलो’ आणि दुष्काळी कामावरील सुकडी खाऊन लोक जगले. त्या पिढीच्या स्मरणात मिलोची चव आजही आहे. त्यानंतर शिधापत्रिकेवरील गहू-तांदूळ गरिबाच्या ताटात स्थिरावले. १९९० नंतर खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने मोठ्या प्रमाणावर घेतली. रब्बीत मात्र मालदांडीला संकरित वाण हटवू शकले नाही.

पाठबळाचा प्रश्न :
२०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे खुली केल्याची कथा ज्या गावाशी जोडली आहे, त्या गावाचा हा गौरव उचितच होय. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरांतून हुरडा पार्ट्यांना बहर आला. परंतु हुरडा हा वर्षातील काही आठवड्यांचा शौक आहे. शेतकऱ्यास आधार देते ती रोजची भाकरी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा समावेश असला, तरी व्यवहारात गहू-तांदळाचेच वर्चस्व राहिले. पाणी पोहोचले तेथे ऊस आला. रब्बी ज्वारी आजही अनेक ठिकाणी हाताने उपटून काढावी लागते आणि त्या कष्टाला मजूर मिळणे कठीण झाले आहे.

भाकरीचा गौरव करताना ती थापणारे हात बहुधा विसरले जातात. जात्यावरचे दळण गिरणीने वाचविले, पण पीठ मळणे, थापणे आणि चुलीसमोर बसणे हे स्त्रीचेच काम राहिले. कमावत्या स्त्रीने पोळी किंवा भात जवळ केला, तर तिला संस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल दोष देता येत नाही. सोलापुरात कडक भाकरी हा अनेक स्त्रियांच्या उपजीविकेचा आधार झाला आहे. वाळवलेली ही भाकरी बरेच दिवस टिकते, दूरच्या शहरांत जाते आणि घरात फुकट गृहीत धरलेल्या श्रमाला प्रथमच दाम मिळवून देते. त्या भाकरीसाठी लागणारी ज्वारी मात्र अजून त्याच काळ्या रानातून, त्याच जुन्या मालदांडीच्या ताटांवरून येते.