कोविड, गंभीर : अतिदक्षता विभागातील हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार

सार्स-कोव्ही-२ विषाणूचा संसर्ग विकोपाला गेलेल्या रुग्णांत हृदयाचा स्नायू, धमन्या, नीला व केशिका यांना होणारी इजा. हृदयस्नायूची इजा, हृदयाच्या उजव्या बाजूवरचा ताण, ठोक्यांची अनियमितता, फुप्फुसांत वा पायांच्या नीलांत होणाऱ्या गुठळ्या, मेंदूचा झटका आणि अचानक हृदय बंद पडणे हे सारे या नोंदीत येते. साथीत घरोघरी चर्चा चाले ती ऑक्सिजनच्या आकड्याची आणि सीटीच्या २५ पैकी स्कोअरची. व्हेंटिलेटरवर गेलेल्या माणसाचे पुढे काय होणार हे मात्र बरेचदा त्याच्या रक्तवाहिन्यांवर ठरत होते.

विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ या प्रथिनाला चिकटून. हे प्रथिन फुप्फुसांप्रमाणे हृदयात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असते. निरोगी रक्तवाहिनीचे आतले अस्तर रक्ताला गोठू देत नाही. संसर्ग आणि त्यापाठोपाठ उसळणारा दाह यांमुळे हे अस्तर सुजते, मग बिंबाणू चिकटतात, फायब्रिन साचते. मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदन अभ्यासात कोविडने दगावलेल्यांच्या फुप्फुसांतील केशिकांत सूक्ष्म गुठळ्यांचे प्रमाण इन्फ्लुएंझाच्या मृतांच्या नऊपट आढळले. नेदरलँड्समधील १८४ अतिदक्षता रुग्णांच्या सुरुवातीच्या पाहणीत ३१ टक्क्यांना गुठळीशी निगडित गुंतागुंत झाली होती, आणि तीही प्रतिबंधक औषध चालू असताना. पायाची बोटे काळीनिळी पडणे, डायलिसिसची नळी वारंवार तुंबणे ही वॉर्डात दिसणारी त्याचीच रूपे.

हृदयाची इजा रक्तातील ट्रोपोनिनवरून कळते. वुहानमधील ४१६ रुग्णांच्या अभ्यासात जवळपास २० टक्क्यांना अशी इजा होती, त्यांपैकी ५१.२ टक्के दगावले, इजा नसलेल्यांत हे प्रमाण ४.५ टक्के होते. ट्रोपोनिन वाढले म्हणजे विषाणूने हृदय पोखरले, असा अर्थ सुरुवातीला सर्रास काढला गेला. शवविच्छेदनांत खरा हृदयस्नायूदाह त्या मानाने कमीच सापडला. ऑक्सिजनची कमतरता, आधीचा धमनीविकार, दाह आणि सूक्ष्म गुठळ्या यांचा एकत्रित मार हेच बहुतेकांत कारण असते.

टू-डी इकोत सर्वाधिक दिसणारा दोष हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याचा. तेल अवीवमधील १०० रुग्णांपैकी ३९ जणांत तो फुगलेला होता. फुप्फुसांत केशिका तुंबलेल्या, ऑक्सिजन कमी पडल्याने धमन्या आक्रसलेल्या, त्यात व्हेंटिलेटरचा दाब. या तिहेरी अडथळ्यातून रक्त पुढे ढकलता ढकलता हा पातळ भिंतीचा कप्पा थकतो. पालथे झोपवलेल्या रुग्णात इको करणेही सोपे नसते : छातीवर प्रोब टेकवायला जागाच मिळत नाही, आणि पीपीई किटमधल्या डॉक्टरला घामाने धुरकटलेल्या चष्म्यातून पडदा वाचावा लागे. अमेरिकेतील ५,०१९ अतिदक्षता रुग्णांच्या अभ्यासात १४ टक्क्यांचे हृदय दोन आठवड्यांच्या आत बंद पडले. हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न (सीपीआर) झालेल्यांपैकी जेमतेम १२ टक्के जिवंत घरी गेले.

उपचारांचा कणा म्हणजे हेपरिन गटातील औषधे. बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सिस्टर एनोक्सापॅरिनचे इंजेक्शन देत आणि दोन-चार दिवसांत पोटावर जांभळे डाग उमटत. नातेवाईक याला ‘रक्त पातळ करायचं इंजेक्शन’ म्हणत. एवढ्या गुठळ्या होतात तर मात्रा वाढवावी, हा तर्क पटण्याजोगा होता आणि अनेक ठिकाणी तो पाळलाही गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचण्यांनी तो अर्धाच खरा ठरवला. वॉर्डातील मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण मात्रेचा फायदा झाला. अतिदक्षता विभागात पोहोचलेल्यांना झाला नाही. गुठळ्यांचे जाळे तोवर विणून झालेले असावे. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत अॅस्पिरिननेही मृत्यू घटले नाहीत. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मात्र व्हेंटिलेटरवरील मृत्यू ४१ वरून २९ टक्क्यांवर आले, मधुमेह्यांची साखर भडकवण्याची किंमत घेऊन. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व अझिथ्रोमायसिन एकत्र दिल्यास ईसीजीवरील क्यूटी अंतर लांबते व घातक अनियमितता उद्भवू शकते. उपयोग सिद्ध होण्याआधीच या जोडीचा बोलबाला झाला, ही या साथीतील टाळता येण्याजोगी चूक होती. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या बंद कराव्यात ही आवईही तशीच. तसे करण्याने लाभ नाही, हे ब्राझीलमधील ६५९ रुग्णांच्या चाचणीने दाखवले.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याचा संदर्भ : तळेगाव औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या नवलाख उंबरे गावात शेतकरी कुटुंबांबरोबर कंपन्यांतील कामगारही भाड्याच्या खोल्यांतून राहतात. अशा गावातील अत्यवस्थ रुग्णाची वाट म्हणजे आधी तळेगाव दाभाडे, तेथे खाट न मिळाल्यास जुन्या पुणे-मुंबई महामार्गाने पिंपरी, नाहीतर पुणे. तळेगावात मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. पुणे जिल्ह्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आढळले. मे महिन्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व रहिवाशांना खुली झाली, आणि ऑगस्टच्या अखेरीस पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर व पिंपरीत नेहरूनगरला प्रत्येकी ८०० खाटांची जम्बो रुग्णालये उभी राहिली. खाटा वाढल्या, तरी गुठळीच्या निदानाची अडचण उरलीच. फुप्फुसातील गुठळी नक्की करायला रंगद्रव्य देऊन सीटी काढावा लागतो, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला त्या यंत्रापर्यंत नेणे हाच एक धोका. मग डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्तचाचणी), सुजलेली पोटरी आणि खाटेशेजारचा इको यांवरच निर्णय घ्यावे लागले.

साथीची दुसरी झळ कोविड नसलेल्या हृदयरुग्णांना बसली. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०२०च्या टाळेबंदीत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. झटके घटले असे मानायला आधार नाही. रुग्णालयाची भीती आणि बंद पडलेली वाहने ही अधिक पटणारी कारणे होत.

बरे होऊन घरी गेलेल्यांतही जोखीम लगेच सरत नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात कोविडनंतरच्या वर्षभरात हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी अधिक आढळला, अतिदक्षता विभागातून परतलेल्यांत सर्वांत जास्त. गुठळीचा धोका मोठा असलेल्या रुग्णांना घरी सोडल्यावर ३५ दिवस १० मिलिग्रॅम रिवारोक्साबॅन हे रक्त गोठणे रोखणारे औषध दिल्यास फायदा होतो, असे ब्राझीलमधील ३२० रुग्णांच्या चाचणीत दिसले. प्रत्यक्ष गुठळी सापडली असल्यास असे औषध किमान तीन महिने चालवतात.