बाथरूमचे नूतनीकरण: जुना वॉलपेपर आणि कार्पेट काढताना घ्यायची काळजी

बाथरूमचे काम काढायचे ठरले की टाइल्सचा रंग, खर्च आणि मिस्त्रीच्या तारखा यांवर घरात भरपूर चर्चा होते. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर त्या दिवसांत तो राहणार कुठे, हा प्रश्न मात्र बहुधा धूळ उडायला लागल्यावरच सुचतो. तो आधी सोडवा.

वॉलपेपरमागे काय असते?

आपल्याकडे बाथरूममध्ये कार्पेट क्वचितच असते. पण बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल येते, पोपडे दिसू नयेत म्हणून तिच्यावर वॉलपेपर लावला जातो आणि कधी खाली भिंतीपर्यंत चिकटवलेले कार्पेटही असते. गळती आतल्या आत चालूच राहते. वॉलपेपरचा कागद आणि खळ हे बुरशीचे खाद्यच. कार्पेटखाली ओल आणि धूळ साठते, डस्ट माइट नावाचे सूक्ष्म किडे वाढतात. ओल्या कागदावर बुरशी २४ ते ४८ तासांत धरू शकते. इथे तर अनेक पावसाळे गेलेले असतात. असा कागद कोरडा असताना ओढून फाडला की बुरशीचे बीजाणू मोठ्या संख्येने हवेत उडतात.

भिंतीवरचे काळे डाग पाहून ‘ही कोरोनाकाळातली काळी बुरशी तर नाही ना?’ असे रुग्ण विचारतात. म्युकरमायकोसिसला ते नाव पडले, कारण त्यात मृत झालेला शरीराचा भाग काळा पडतो. भिंतीवरची काळी बुरशी सहसा वेगळ्या जातीची असते. ती निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नाही.

कोणी घराबाहेर राहावे?

दमा किंवा सीओपीडी असलेले, केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे आणि मधुमेह आटोक्यात नसलेले यांनी. प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा फुप्फुसात गंभीर संसर्ग होऊ शकतो. ‘दार लावून आतल्या खोलीत बसतो’ हे माझ्या मते पुरेसे नाही. नातेवाइकांकडे जा. काम संपून घर ओल्या फडक्याने पुसले जाईपर्यंत आणि एक-दोन दिवस खिडक्या उघड्या राहीपर्यंत परतू नका. दम्याचे नेहमीचे इन्हेलर या काळात मुळीच बंद करू नका.

इमारत जुनी असेल तर लहान मुले आणि गर्भवतींनाही दूर ठेवा. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते आणि कोरडे घासताना ते धुळीत येते.

काम करताना

आधी गळती दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवी भिंतही तशीच होईल. पंखा आणि एसी बंद ठेवा, दाराला प्लॅस्टिक लावा, खिडकी उघडी ठेवा. वॉलपेपरवर पाणी फवारून तो भिजला की मगच खरवडा. कार्पेट ओलसर करून कापा, गुंडाळी पिशवीत बांधूनच बाहेर न्या. कोरडा झाडू नको. टाइल्स कापताना, फोडताना सिलिकाची धूळ उडते, तिथेही पाणी मारायला सांगा. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. एन९५ मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. मिस्त्री आणि त्याच्या मदतनिसालाही मास्क द्या.

बाथरूम धुताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, एन९५ मास्क तो अडवत नाही. डोळे चुरचुरले, ठसका लागला तर लगेच मोकळ्या हवेत या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

इन्हेलर घेऊनही छातीतली घरघर थांबत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ताबडतोब रुग्णालयात जा. धुळीत काम केल्यावर ४ ते ८ तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागणे हे बुरशीच्या अ‍ॅलर्जीमुळे फुप्फुसाला आलेल्या सुजेचे लक्षण असू शकते. ते न्यूमोनियासारखेच दिसते आणि अँटिबायोटिकने बरे होत नाही. म्हणून घरात तोडफोड चालू आहे, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा.